सूर्य सगळ्यांचा, मीटर कोणाचा?

शाळेतला मोठा नकाशा भिंतीवर लावा आणि कॅनडाचा वायव्य कोपरा शोधा. अलास्काच्या सीमेला लागून युकॉन नावाचा प्रदेश दिसेल. त्याच्या अगदी उत्तरेच्या टोकाजवळ, पोर्क्युपाइन आणि क्रो या नद्यांच्या संगमावर ओल्ड क्रो हे गाव आहे. वस्ती जेमतेम अडीचशे. अक्षांश सुमारे साडेसदुसष्ट अंश उत्तर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही शंभराहून अधिक किलोमीटर वर. युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्स इथून पावणेआठशे किलोमीटरवर आहे आणि तिथून गावापर्यंत बारमाही रस्ता नाही. माणसं, पीठ, औषधं, सारं काही विमानानं येतं.

विजेचं इंधनही असंच येतं. कॅनडात वीजजाळ्याला न जोडलेल्या अडीचशेहून अधिक वस्त्या आहेत. त्यांतल्या बहुसंख्य वस्त्या मूळनिवासी लोकांच्या आहेत आणि बहुतेकांची वीज डिझेलच्या जनित्रांवर चालते. ओल्ड क्रो त्यांपैकीच एक. पण २०२१ साली या गावात सुमारे ९४० किलोवॅटचा सौर प्रकल्प सुरू झाला. त्याचे मालक आहेत गावातलेच लोक, म्हणजे व्हुंटुट ग्विचिन या मूळनिवासी समाजाचं स्वतःचं शासन.

सौर प्रकल्पांच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. किती पट्ट्या बसवल्या, किती टन धूर वाचला, एवढं त्यांत असतं. या लेखात आपण एक वेगळा प्रश्न घेणार आहोत. सूर्यप्रकाशापासून वीज झाली, पण तिच्यातून आलेला पैसा कोणाकडे गेला? या प्रश्नाचं उत्तर भौतिकशास्त्रात सापडत नाही, त्यासाठी इतिहासात जावं लागतं. म्हणून तिथूनच सुरुवात करूया.

सीमेनं हलवलेलं गाव

ग्विचिन लोक कॅरिबू या हरणांच्या कळपांवर जगणारे. पोर्क्युपाइन कळप म्हणून ओळखला जाणारा कळप दरवर्षी शेकडो किलोमीटरचा प्रवास करतो आणि अलास्काच्या किनाऱ्याजवळ पिलांना जन्म देतो. त्या वाटेवर शिकार, नद्यांत मासेमारी आणि तळ्यांच्या प्रदेशात कस्तुरी-उंदरांचं फरासाठी पारध हे या समाजाचं अर्थशास्त्र होतं.

१८४७ मध्ये हडसन्स बे कंपनीनं फोर्ट युकॉन इथे फरच्या व्यापारासाठी ठाणं उभारलं. पुढे १८६७ मध्ये रशियानं अलास्का अमेरिकेला विकला. दोन वर्षांनी अमेरिकी अधिकाऱ्यांनी मोजणी केली, तेव्हा फोर्ट युकॉन अमेरिकेच्या हद्दीत भरलं आणि कंपनीला पूर्वेकडे सरकावं लागलं. रॅम्पार्ट हाऊस हे नवं ठाणं झालं, पण पुढच्या मोजणीत तेही सीमेच्या चुकीच्या बाजूला निघालं आणि पुन्हा हलवावं लागलं. ज्यांच्या शिकारीच्या वाटांवरून ही रेघ ओढली गेली, त्या ग्विचिन लोकांना या व्यवहारात कोणी विचारलं नव्हतं. १९११ मध्ये रॅम्पार्ट हाऊसला देवीची साथ आली आणि तिथली घरं जाळण्यात आली. त्यानंतरच्या वर्षांत लोक हळूहळू ओल्ड क्रोला स्थिरावले.

या गावाचं रोजचं जगणं बाहेरच्या जगाला कळलं ते ईडिथ जोसी यांच्यामुळे. १९६२ पासून त्या व्हाइटहॉर्सच्या वर्तमानपत्रात गावाची खबर लिहीत. कोण शिकारीला गेलं, विमान कधी आलं, असल्या साध्या गोष्टी त्यांच्या स्वतःच्या ढंगाच्या इंग्रजीत येत आणि दूरदूरचे वाचक त्या आवडीनं वाचत. विमान येणं ही तिथे बातमी असे, हे आपण लक्षात ठेवूया. पुढच्या हिशेबात ते विमान पुन्हा येणार आहे.

पाण्याची वीज आणि काठावरची माणसं

नवीकरणीय ऊर्जा आली म्हणजे मूळ रहिवाशांचं भलं होतंच, असा कोणाचा समज असेल तर कॅनडाचा विसाव्या शतकातला इतिहास पाहावा. मॅनिटोबा प्रांतात १९७६-७७ च्या सुमारास चर्चिल नदीचं पाणी वीजनिर्मितीसाठी नेल्सन नदीकडे वळवण्यात आलं. त्यासाठी साउदर्न इंडियन तलावाची पातळी सुमारे तीन मीटरनं वाढवली गेली. त्या काठावरच्या क्री लोकांची व्हाइटफिशची मासेमारी चांगली चालत होती. ती कोसळली आणि लोकांची घरं हलवावी लागली. वीज गेली दक्षिणेकडच्या शहरांना.

खुद्द युकॉनमध्ये १९७५ साली ऐशिहिक जलविद्युत केंद्र सुरू झालं. तलावाच्या पाण्याची पातळी आता पावसापाण्यानुसार नव्हे, तर शहराच्या विजेच्या गरजेनुसार वरखाली होऊ लागली. काठावरच्या मूळनिवासी समाजाच्या मासेमारीला आणि पाणवठ्यांना त्याची झळ बसली.

या दोन्ही केंद्रांत धूर नव्हता आणि इंधन फुकट होतं. पुस्तकी व्याख्येनं ही शुद्ध नवीकरणीय ऊर्जाच होती. तरीही नदीकाठच्या माणसांच्या वाट्याला नफा आला नाही, तोटा मात्र आला. कारण यंत्र, तारा, मीटर आणि निर्णय ही सगळी दुसऱ्यांची होती.

१४ फेब्रुवारी, दोनदा

१४ फेब्रुवारी १९७३ रोजी युकॉनच्या मूळनिवासी प्रमुखांचं शिष्टमंडळ एलायजा स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली ओटावाला गेलं. त्यांनी पंतप्रधान पिएर ट्रूडो यांच्या हाती एक निवेदन ठेवलं. त्याच्या नावाचा आशय असा की, आज आपण एकत्र आलो आहोत ते उद्याच्या मुलांसाठी. जमिनीवरचा हक्क आणि स्वतःचा कारभार स्वतः करण्याचा अधिकार, या त्यातल्या मुख्य मागण्या.

वाटाघाटी वीस वर्षं चालल्या. मे १९९३ मध्ये चार समाजांनी अंतिम करारांवर सह्या केल्या, त्यांत व्हुंटुट ग्विचिन होते. करार अमलात आले १४ फेब्रुवारी १९९५ रोजी, निवेदन दिल्याला बरोबर बावीस वर्षं झाली त्या दिवशी. व्हुंटुट ग्विचिनांना साडेसात हजार चौरस किलोमीटरहून अधिक जमिनीची मालकी मिळाली. हे क्षेत्र गोवा राज्याच्या दुपटीइतकं आहे. भरपाईची रक्कम मिळाली आणि कायदे करण्याचा, कर लावण्याचा व करार करण्याचा अधिकार असलेलं शासन मिळालं.

या रकमेचं काय करायचं हा पुढचा प्रश्न होता. समाजानं गुंतवणुकीसाठी आपली कंपनी काढली आणि तिच्यामार्फत एअर नॉर्थ या युकॉनच्या विमान कंपनीत ४९ टक्के भाग घेतला. जे विमान येणं ही गावातली बातमी असे, त्या विमानाच्या कंपनीत आता गावाची जवळजवळ निम्मी मालकी होती. विकत घ्यावीच लागते अशा सेवेत आपला वाटा असावा, हा विचार इथे पहिल्यांदा दिसतो. सौर प्रकल्पाच्या मागेही तोच विचार आहे.

मध्यरात्रीच्या सूर्याचं भौतिकशास्त्र

आता थोडं विज्ञान. साडेसदुसष्ट अंशांवर सौरवीज, हे ऐकून विद्यार्थी हसतील. त्यांनाच हिशेब करू द्या. २१ जूनला ओल्ड क्रोमध्ये दुपारी बाराला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो आणि मध्यरात्री तो उत्तरेला क्षितिजाच्या जेमतेम एक अंश वर असतो. म्हणजे तो मावळत नाही, आकाशात गोल फिरतो. २१ डिसेंबरला भर दुपारीसुद्धा तो क्षितिजाखाली असतो. आपल्याकडे पट्ट्या दक्षिणेकडे तोंड करून लावतात. तिथे २,१६० पट्ट्या पूर्व-पश्चिम अशा दोन दिशांना तोंड करून बसवल्या आहेत. दुपारची कमाल वीज त्यामुळे थोडी घटते, पण सकाळ-संध्याकाळची वाढते आणि दिवसभराचा पुरवठा समतल राहतो. थंडीचाही एक फायदा आहे. सिलिकॉनच्या पट्टीचं तापमान एक अंशानं वाढलं की तिची वीज साधारण ०.४ टक्क्यानं घटते. थंड हवेत हे नुकसान टळतं.

नुसत्या पट्ट्या लावून मात्र काम भागत नाही. डिझेलचं जनित्र क्षमतेच्या तीसेक टक्क्यांपेक्षा कमी भारावर फार वेळ चालवलं, तर इंधन पूर्ण जळत नाही, काजळी साचते आणि इंजिन खराब होतं. ऊन पडलं म्हणून डिझेलचा भार पाच टक्क्यांवर आणला, असं करता येत नाही. जनित्र एक तर नीट चालवावं, नाही तर पूर्ण बंद ठेवावं. ते बंद ठेवायचं असेल तर ढग आल्यावर क्षणात भार उचलणारं काहीतरी हवं. म्हणून प्रकल्पात सुमारे ६०० किलोवॅट-तासांची बॅटरी आणि सगळ्याचा मेळ घालणारी नियंत्रण यंत्रणा आहे. तिच्यामुळे उन्हाळ्यात काही काळ जनित्रं पूर्ण थांबवता येतात.

वर्षाकाठी यातून सुमारे १,८९,००० लिटर डिझेल वाचेल असा प्रकल्पाचा अंदाज होता. वीजनिर्मितीसाठी लागणाऱ्या डिझेलचा हा जवळजवळ चौथा हिस्सा. उरलेले तीन हिस्से अजून डिझेलचेच आहेत, कारण विजेची गरज हिवाळ्यात जास्त आणि सूर्य तेव्हा नाही. हे झाकण्यात अर्थ नाही.

एका युनिटची किंमत

आता मुख्य हिशेबाकडे येऊया. आम्ही इथे केलेला हिशेब ढोबळ आहे, पण शाळेच्या फळ्यावर मांडता येईल असा आहे.

एका लिटर डिझेलपासून चांगलं जनित्र साधारण साडेतीन युनिट वीज देतं. मग १,८९,००० लिटर म्हणजे सुमारे ६ लाख ६० हजार युनिट. याला ९४० किलोवॅटनं भागलं तर एका किलोवॅटमागे वर्षाला सातशे युनिट येतात. महाराष्ट्रात एक किलोवॅटच्या पट्ट्या वर्षाला साधारण चौदाशे-पंधराशे युनिट देतात. म्हणजे ओल्ड क्रोचा सूर्य आपल्या निम्माच. तर मग तिथे हा उद्योग कशासाठी?

उत्तर पैशांच्या रकान्यात आहे. व्हुंटुट ग्विचिन शासन ही वीज गावातली वीजव्यवस्था चालवणाऱ्या अॅटको या कंपनीला विकतं. करार पंचवीस वर्षांचा आहे आणि दर ठरवण्याचं सूत्र असं: ही वीज मिळाल्यामुळे कंपनीचा डिझेलवरचा जो खर्च वाचेल, तेवढी किंमत. यातून वर्षाला सुमारे ४ लाख १० हजार कॅनडियन डॉलर मिळतील असा अंदाज जाहीर झाला होता. भागाकार केला तर युनिटमागे ६० सेंटच्या थोडं वर, किंवा वाचलेल्या लिटरमागे दोन डॉलरहून अधिक. विमानानं आणलेलं डिझेल इतकं महाग पडतं. सौर युनिटची किंमत ठरते ती ते युनिट कशाची जागा घेतं यावरून, आकाशात ऊन किती आहे यावरून नव्हे. ज्या अंतरानं गावाला इतकी वर्षं महागात लोटलं, तेच अंतर या करारात गावाच्या बाजूनं उभं राहिलं.

या सूत्रातली एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. कंपनी डिझेलला देत होती तेवढेच पैसे आता सौरविजेला देते. मग वीज स्वस्त झाली का? नाही. युकॉनमध्ये दूरच्या वस्त्यांनाही घरगुती विजेचा दर बराचसा राजधानीसारखाच लागतो. खऱ्या खर्चाचा मोठा भाग सगळ्या ग्राहकांवर आणि सरकारवर वाटला जातो. त्यामुळे पट्ट्या बसल्या म्हणून ओल्ड क्रोच्या एखाद्या आजीबाईंचं बिल अर्ध्यावर येईल, असं होणार नव्हतं.

बदलली ती पैशांची वाट. पूर्वी तो पैसा इंधन विकणाऱ्यांकडे आणि वाहतुकीकडे, म्हणजे गावाबाहेर जात असे. आता त्याचा चौथा हिस्सा समाजाच्या तिजोरीत येतो. वस्ती अडीचशे धरली तर माणशी वर्षाला सोळाशेहून अधिक डॉलर. तो कशावर खर्च करायचा हे गावानं निवडून दिलेलं शासन ठरवतं. समजा हाच प्रकल्प, याच जागेवर, याच पट्ट्या लावून बाहेरच्या एखाद्या कंपनीनं उभारला असता. डिझेल तेवढंच वाचलं असतं आणि धूरही तेवढाच कमी झाला असता. गावाला मात्र जागेच्या भाड्यापलीकडे फारसं काही उरलं नसतं.

भांडवल कोठून आलं?

इथे चौकस विद्यार्थी विचारील की प्रकल्पाचा खर्च किती. सुमारे ६५ लाख डॉलर. आता सगळी रक्कम पाच टक्के व्याजानं कर्जाऊ घेतली असती असं समजू. पहिल्या वर्षाचं व्याजच ३ लाख २५ हजार. मिळकतीतून ते वजा केलं तर मुद्दल फेडायला ८५ हजार उरतात. या गतीनं कर्ज फिटायला बत्तीस वर्षं लागतील आणि करार तर पंचवीस वर्षांचा. देखभालीचा खर्च अजून धरलेलाच नाही. म्हणजे निव्वळ कर्जावर हा प्रकल्प उभा राहिला नसता. खर्चाचा मोठा भाग सरकारी अनुदानांतून आला, म्हणूनच उत्पन्न गावाच्या हाती उरतं.

हे ऐकून कोणी म्हणेल, मग यात मोठेपणा कसला, ही सरकारी मदतच झाली. पण डिझेललाही सरकारी मदत होतीच. फरक असा की डिझेलवरची मदत दरवर्षी जळून जाते आणि दुसऱ्या वर्षी तेवढीच पुन्हा द्यावी लागते. पट्ट्यांवरची मदत एकदाच दिली जाते आणि मागे एक मालमत्ता राहते.

दुसरी अट कायद्याची. खाजगी किंवा सामुदायिक उत्पादकाकडून वीज विकत घेण्याचं धोरण युकॉन सरकारनं २०१५ मध्ये आणलं. त्याआधी पट्ट्या बसवल्या असत्या तरी वीज विकायला दार नव्हतं. तिसरी अट, करारावर सही करू शकेल असं शासन. ते १९९५ पासून होतं. २०१९ च्या मे महिन्यात, डाना टिझिया-ट्रॅम हे प्रमुख असताना, याच शासनानं हवामानबदलाची आणीबाणी जाहीर केली होती. तळ्यांचं पाणी निघून जात होतं, बर्फाच्या वाटा बेभरवशाच्या झाल्या होत्या. वर्षभरात लाखो लिटर डिझेल जाळणाऱ्या गावानं आधी आपल्या घरचं पाहावं, हाही विचार त्यामागे होता.

एका ओढ्याचा दुसरा अध्याय

ओल्ड क्रो हे एकमेव उदाहरण नाही आणि पहिलंही नाही. युकॉनच्या दक्षिण सीमेपलीकडे, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात अॅटलिन नावाचं गाव आहे. तेही वीजजाळ्यापासून तुटलेलं आणि डिझेलवर चालणारं. १८९८ मध्ये तिथल्या पाइन ओढ्यात सोनं सापडलं आणि हजारो लोक धावत आले. हा प्रदेश टाकू रिव्हर ट्लिंगिट समाजाचा. सोनं निघालं आणि गेलं, त्यांच्या वाट्याला आली उकरलेली जमीन. २००९ च्या एप्रिलमध्ये त्याच ओढ्यावर २.१ मेगावॅटचं छोटं जलविद्युत केंद्र सुरू झालं. त्याची पूर्ण मालकी ट्लिंगिट समाजाच्या कंपनीकडे आहे. वीज प्रांताच्या वीजमंडळाला पंचवीस वर्षांच्या करारानं विकली जाते. ओढा हिवाळ्यातही वाहतो, त्यामुळे गावाची डिझेल जनित्रं जवळपास राखीव कामापुरतीच उरली.

चर्चिल, ऐशिहिक आणि पाइन ओढा, तिन्ही ठिकाणी पाण्याचीच वीज. मात्र पहिल्या दोन ठिकाणी काठावरच्या समाजाच्या हाती काही नव्हतं, तिसऱ्या ठिकाणी मालकी आणि करार दोन्ही होते. पाइन ओढ्याच्या बाबतीत तर जागाही तीच, फक्त मध्ये एकशे अकरा वर्षं गेली.

वर्गात काय करता येईल?

या विषयाचा एक धडा भूगोल, विज्ञान आणि नागरिकशास्त्र या तिन्ही तासांना पुरेल. भूगोलाच्या तासाला ओल्ड क्रो आणि आपलं गाव या दोन ठिकाणी २१ जून व २१ डिसेंबरला दुपारच्या सूर्याची उंची काढायला सांगावी. विज्ञानाच्या तासाला डिझेलच्या लिटरपासून युनिटपर्यंतचा हिशेब करून घ्यावा. व्याजाचं गणित नववी-दहावीची मुलं आवडीनं करतील. व्याज पाच टक्क्यांऐवजी दोन टक्के धरलं तर काय होतं, हेही त्यांना करून पाहू द्यावं. उत्तर बरंच वेगळं येतं.

आणि नागरिकशास्त्राच्या तासाला एकच कोष्टक काढून घ्यावं. कोणताही एक वीजप्रकल्प घ्यायचा, जवळचा किंवा दूरचा. रकाने पाच: जमीन कोणाची होती, यंत्र कोणाच्या मालकीचं, वीज कोण वापरतं, पैसे कोणाकडे जातात, आणि दर व अटी ठरवताना कोण टेबलाशी बसलं होतं. ओल्ड क्रोसाठी हे पाचही रकाने भरून पाहा. जमीन समाजाची, पट्ट्या समाजाच्या, वीज गावाची, पैसे समाजाच्या तिजोरीत आणि टेबलाशी समाजाचं शासन. प्रकल्प सुरू झाला तेव्हा तारा आणि डिझेलची जनित्रं मात्र कंपनीचीच होती, हेही कोष्टकात लिहायला विसरू नये. पाचवा रकाना भरायला या लोकांना १९७३ ते १९९५ अशी बावीस वर्षं लागली. पट्ट्या उभारायला त्या मानानं फारच थोडा वेळ लागला.